आमचा ॲम्प्लिफायर, सरांचा कन्व्हर्टर

गारखेड्यातल्या आमच्या घरात चांगल्या घोंगड्या भिंतीवर टांगलेल्या असायच्या आणि माणसं सतरंजीवर झोपायची. सासरे गावाहून पहिल्यांदा राहायला आले, तेव्हा हे बघून दारातच थबकले. पैठणच्या अलीकडं आमचं गाव. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आणि त्या घोंगड्या त्यांच्याच मेंढरांच्या लोकरीच्या.

"पोरी, भिंतीला थंडी वाजती का गं?" त्यांनी मला विचारलं.

"भिंतीला नाही मामंजी, आवाजाला. तुमच्या लेकाला विचारा," असं म्हणून मी चहा टाकायला पळाले. कारण तो विषय एकदा निघाला की चहा उतू जाईपर्यंत संपायचा नाही.

त्यांचा लेक म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहोच म्हणते, कागदावर जरा सूट घेते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो प्रेस शॉपला होता. पत्रा ठोकून त्याला आकार देणारी मोठमोठी मशिनं, आणि दिवसभर नुसतं धाडधाड. घरी आला की अंघोळ, चहा आणि ॲम्प्लिफायर. स्लॅबच्या नव्या खोलीत आवाज घुमतो आणि भिंतीला घोंगडी लावली की तो घुमणं सोडतो, हा शोध त्याचाच. ते खरंही होतं. टाळी वाजवून बघितली की कळायचं. पण पाहुणे आले की ते भिंतीकडं बघायचे आणि मग माझ्याकडं, जणू घरात काही बिनसलंय.

तो ॲम्प्लिफायर आम्ही दोघांनी मिळून केला होता. लग्नाआधीपासून मी एमआयडीसीतच एका कंपनीत सोल्डरिंगच्या लाईनवर होते, त्यामुळं डाग द्यायचं काम माझं. नवरा नकाशा काढायचा, भाग जमवायचा, आणि मी टाके घालावेत तसे एकामागून एक जोड घालत जायची. जुन्या रेडिओंमधले काचेचे व्हॉल्व्ह होते त्यात. चालू केला की ते हळूहळू तापायचे, नारिंगी व्हायचे, आणि मग गाणं सुरू व्हायचं. पहिल्यांदा तो वाजला त्या दिवशी आम्ही दोघं जेवायचंच विसरलो. एरवी जेवायची वेळ टळली की माझं डोकं फिरतं, म्हणजे बघा.

नवऱ्याच्या कानाचा आमच्यात मोठा दबदबा होता. लहानपणी म्हणे तो डोळे मिटून सांगायचा की कुठलं मेंढरू कुठं चरतंय, नुसत्या गळ्यातल्या घुंगरावरून. कोकराच्या गळ्यातलं बारीक घुंगरू तर टेकडीपलीकडून ओळखायचा. सासरे ही गोष्ट येईल त्याला सांगायचे. त्यामुळं आवाजाबाबत वाद झाला की शेवटचा शब्द त्याचा, हे ठरूनच गेलं होतं.

दर रविवारी दुपारी आमच्याकडं बैठक असायची. बैठक म्हणजे काय, तीन माणसं. एक नवरा. दुसरे शहागंजात कॅसेटचं दुकान असलेले चाचा. आणि तिसरे सर. सर एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, विद्यापीठाच्या गेटाकडच्या वस्तीत राहायचे, आणि नामांतराच्या लढ्यात पोरवयापासून होते. त्यापायी हर्सूलच्या तुरुंगातही जाऊन आले होते. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "तिथं आवाज फार घुमायचा, वहिनी. तुमच्या घोंगड्या पाहिजे होत्या." सर आणि माझा नवरा यांची ओळख जुन्या बाजारातली. भंगाराच्या ढिगातला एकच ट्रान्सफॉर्मर दोघांनी एकदम धरला. कोणी सोडेना. शेवटी दुकानदार वैतागला आणि म्हणाला, दोघं मिळून न्या आणि मिळून वाजवा. त्यांनी तो सल्ला अगदी मनावर घेतला.

मग चाचांच्या जावयानं दुबईहून सीडी प्लेयर आणला. स्कूटरवर पुढं पायाशी ठेवून, वर उशी आणि उशीवर चादर, अशा थाटात चाचा तो घेऊन आले. ती चकचकीत डिस्क आम्ही एकमेकांच्या हातात देत बसलो, नव्या बाळाला देतात तशी. बटण दाबलं की खण आपोआप बाहेर यायचा, तर तेच आम्ही कितीतरी वेळ बघत होतो. खरखर नाही, टेपसारखी सूंऽऽ नाही. मी तर ओरडलेच. चाचा छाती फुगवून म्हणाले, "क्या बोल्ते भाभी? है ना कमाल?"

सर मात्र कान देऊन ऐकत होते. ते म्हणाले, डिस्कवर गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचं पुन्हा गाणं करणारा एक भाग प्लेयरच्या पोटात असतो, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. आणि ह्या प्लेयरमधला अगदीच किरकोळ आहे. मागं एक भोक आहे, तिथून नुसते आकडे बाहेर काढता येतात. आपण आपला वेगळा कन्व्हर्टर करू, आणि तो तुमच्या ॲम्प्लिफायरला जोडू.

नवऱ्याचे डोळे असे चमकले की काय सांगू! "करा सर. तुम्ही कन्व्हर्टर करा, माझा ॲम्प्लिफायर हायेच. दोघांची जोडी अशी जमवू, लई भारी काम व्हईल बगा."

सरांचा एक विद्यार्थी परदेशी शिकायला गेला होता. त्यानं त्यातली मुख्य चिप पाठवली. बाकीचं सरांनी इथं जमवलं. डबा त्यांनी जेवणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचाच केला होता, झाकणाला कडी तशीच ठेवून. मला त्या कडीचंच फार कौतुक वाटलं.

जोडला पहिल्या रविवारी, आणि काय फाटका आवाज! गाणारी बाई भांडत असल्यासारखी वाटली. सगळ्यांची तोंडं उतरली. पण ते कोडं तासाभरात सुटलं. आमचा ॲम्प्लिफायर टेपसाठी केलेला, टेपचा आवाज मुळात बारका. सरांचा कन्व्हर्टर जोरकस. कानात कुजबुजावं तिथं हा ओरडत होता. मी मध्ये दोन रेझिस्टर टाकून त्याचा जोर कमी केला, आणि फाटणं थांबलं. मग मागं राहिली एक घूंऽऽ. ती जाईना. सरांनी घराचं अर्थिंग कुठं आहे ते विचारलं. मागच्या दारी मीठ-कोळसा घालून पुरलेलं होतं, पण खड्डा कोरडाठाक. मी तांदूळ धुतलेलं पाणी ओतलं, घागरभर आणखी ओतलं. आत आले तर तिघं टाळ्या पिटत होते. घूं गेली होती! सासरे तेव्हा आलेले होते. त्यांनी त्या खड्ड्याला हात जोडले आणि मला म्हणाले, "रोज घालीत जा गं पानी. देव पावतो तर घालायला काय व्हतंय?" मी पुढं कितीतरी वर्षं घालत होते.

त्या दुपारी जे गाणं ऐकलं, ते आठवलं तरी अजून अंगावर शहारे येतात. तबल्यावर पडलेलं बोट दिसावं इतकं स्वच्छ. मी कणकेचे हात घेऊन दारात उभी राहिले आणि कणीक हातावरच वाळली. आता बास, इथंच थांबायला हवं होतं.

पण नवरा डोकं हलवत होता. "गोड हाय. पण वरचं कमी हाय. पांघरून घेऊन गायल्यावानी वाटतंय."

त्याच्या कानाला कोण आव्हान देणार? सरांनी डबा नेला, आतली फिल्टरची चाळणी जरा मोकळी करून आणली, म्हणजे वरचे बारीक सूर जास्त यावेत. नवऱ्यानंही माझ्याकडून व्हॉल्यूमच्या बटणावर एक बारका कपॅसिटर आडवा लावून घेतला, त्याच कामासाठी. पुढच्या रविवारी गाण्यातला प्रत्येक 'स' कढईत मिरच्या पडल्यासारखा चरचरला. नवरा म्हणाला, "सुधारलंय. आजून थोडं पायजे." पुन्हा सरांनी चाळणी मोकळी केली. पुन्हा मी कपॅसिटर बदलला. झांजा वाजल्या की माझे दात आंबायचे. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात घासत बसायची, तेवढाच आडोसा.

आणि कोणी काही बोलेना! चाचांना विचारावं तर चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "बढिया है, बहोत बढिया." ज्याच्या घरचा चहा प्यायचा त्याच्या सेटला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा जुना रिवाज. सर नुसते खाली बघायचे. गाणं संपलं की हळूच कानाची पाळी चोळायचे. मी ते बघितलं होतं. मीही बोलले नाही, कारण मला वाटायचं, एवढे कानवाले बसलेत, माझंच काहीतरी चुकत असेल.

ते दिवसच अवघड होते. नामांतराची शेवटची वर्षं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा गावाकडून काहीतरी वाईट कानावर यायचं. कारखान्यात एका डब्यातून खाणारी माणसं वेगवेगळ्या कोपऱ्यांत जेवायला बसू लागली होती. आमच्या गावचे लोक नवऱ्याला सरळ विचारायचे, "तो सर तुझ्या घरी कशाला येतो?" नवरा म्हणायचा, "गाणं ऐकायला." ते हसायचे. समोरची बाई तर सर गेटातून आत शिरले की खिडकीतच उभी राहायची. मला तिचा असा संताप यायचा! एकदा मी तिला म्हटलं, "या की आत, डिस्क ऐकायला." तेव्हापासून ती पडद्याआडून बघायला लागली.

शेवटी एका रविवारी नवऱ्याच्या तोंडून गेलंच. कितीतरी दिवस तो ते गिळत होता. "सर, राग मानू नका, पर तुमचा कन्व्हर्टर आंधळा हाय. कितीबी उघडा, त्याला वरचं दिसतच नाय."

सर उठले. त्यांनी वायरी काढल्या, डब्याला कडी लावली, वर्तमानपत्रात गुंडाळला. "असेल," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघून "येतो वहिनी" म्हणाले आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. समोरची बाई मला भाजीवाल्याच्या गाडीपाशी गाठून म्हणाली, "बरं झालं बाई. त्येंचं आन् आपलं जमत नसतंय." मी कोथिंबिरीची जुडी गाडीवर आपटली. पण घरी येऊन पायरीवरच बसले. एका डब्यावरून झालेलं भांडण, आणि लोक त्याला आधीच भलतं नाव देऊन मोकळे झाले होते. आता हे दोघं पुन्हा बसले नाहीत तर सगळ्या गल्लीचं खरं ठरणार होतं. नवरा तर जेवेना. "मी कन्व्हर्टरला बोललो," हेच सारखं म्हणायचा. "सरांना नाय बोललो."

मग घड्याळाचा प्रकार झाला. नवऱ्याकडं मनगटावरचं इलेक्ट्रॉनिक घड्याळ होतं, शिफ्टसाठी गजर लावायचा. काही दिवस त्याची कुरकुर चालली होती की गजर वाजत नाही, सेल गेलाय. सेल बदलला. तरी वाजेना म्हणाला. एका संध्याकाळी तो टेबलाशी काहीतरी खोलून बसला होता, घड्याळ काढून हाताशी ठेवलेलं. मी स्वयंपाकघरात होते. टिटिट टिटिट, टिटिट टिटिट. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. थांबेल म्हणून वाट बघितली. थांबेना. वैतागून बाहेर आले, "अहो, बंद करा की ते!"

"काय?" तो म्हणाला.

घड्याळ त्याच्या कोपरापाशी कोकलत होतं, आणि तो माझ्याकडं बघत होता.

मी टेबलाशी गेले. घड्याळ उचललं आणि बंद केलं. सेल गेला नव्हता. कन्व्हर्टर आंधळा नव्हता. आणि खरं सांगते, मला आनंदाची उकळी फुटली. म्हणजे भांडण खोटं होतं! सरांचं चुकलं नव्हतं, ह्याचंही नव्हतं. ती धाडधाड करणारी मशिनं ह्याचे वरचे सूर रोज थोडे थोडे खात होती, आणि जे आपल्याला ऐकू येत नाही ते डिस्कमध्येच नाही, असं हा समजत होता. लगेच त्या आनंदाची लाज वाटली. नवऱ्याचे कान गेले आणि मी खुश होते!

दुसऱ्या दिवशी सिटी बस धरून मी सरांकडं गेले. चौकाचौकात पोलीस होते. सरांच्या बायकोनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी बसायच्या आत म्हटलं, "सर, तो कन्व्हर्टर तुमच्या सेटवर लावा बरं."

सरांचा सेट साधाच होता. त्यांनी मुकाट्यानं एका मित्राकडून आणलेला प्लेयर जोडला, कडीचा डबा लावला. तो तर आमच्याहीपेक्षा जास्त चरचरला. सर म्हणाले, "चाळणी आता उरलीच नाही वहिनी. त्यांच्यासाठी सगळी काढून टाकली. हे गाणं नाही राहिलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी प्लेयर बंद केला. "ह्या दिवसांत मी तुमच्या घरात बसून तुमच्या ॲम्प्लिफायरला नावं ठेवली असती, तर ती ॲम्प्लिफायरलाच ठेवली असं कोण मानणार होतं?"

"आणि आमचे हे मला म्हणायचे, सरांना कन्व्हर्टर मंद आहे असं कसं सांगू, त्यांना वाटेल मी दुसरंच काही बोलतोय." मला रडू यायच्या बेतात होतं आणि हसूही. "दोघं एकमेकांना जपता जपता आमच्या कानांची वाट लावलीत."

मग मी घड्याळाचं सांगितलं. सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. कितीतरी वेळ काचा पुसत राहिले. फिजिक्स शिकवणारा माणूस, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. "त्यांना कळायला तर हवं," ते म्हणाले. "पण कोणी सांगून नाही. त्यांचे त्यांना." त्यांच्याकडं एक तपासणीची डिस्क होती. जाड आवाजापासून सुरू होऊन हळूहळू बारीक होत जाणारी एकच शीळ. ती ते रविवारी आणणार होते. बायको म्हणाली, "आणि मोर्चा निघाला तर?" सर म्हणाले, "मोर्च्यानंतर येईन."

आणि आले! गेटाची कडी वाजली तेव्हा मी धावतच दार उघडलं. समोरच्या खिडकीचा पडदा हलला. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "या सर, या! किती वाट बघायला लावली!" नवरा दारात नुसता उभा राहिला. सरांनी डबा त्याच्या हातात दिला. "चाळणी पुन्हा पहिल्यासारखी करून आणलीय. एकदा लावून बघा." त्यानं तो छातीशी धरला.

चाचा होते, आणि योगायोगानं सासरेही. सरांनी सगळ्यांना सांगितलं, आता एक गंमत करू. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि हात वर करायचा. शीळ ऐकू येतेय तोवर हात वर. थांबली की खाली. सासरे म्हणाले, "मी बी?" सर म्हणाले, "आबा, तुम्ही तर पाहिजेच."

मी डोळे मिटले नाहीत. कोणीतरी बघायला हवं होतं.

शीळ सुरू झाली. जाड होती, मग बारीक होऊ लागली. घोंगड्या टांगलेल्या त्या खोलीत चार पुरुष हात वर करून बसले होते, शाळेतल्या पोरांसारखे. शीळ आणखी बारीक झाली, अजून तिला चांगलं अंग होतं, आणि नवऱ्यानं हात खाली घेतला. डोळे उघडले. त्याच्या लेखी खेळ संपला होता.

त्यानं बघितलं, तर सगळ्यांचे हात वर.

आधी तो हसला. त्याला वाटलं आम्ही चेष्टा करतोय. सरांकडं बघितलं, चाचांकडं बघितलं. मग त्याची नजर वडिलांवर गेली. सासरे चेष्टा करणाऱ्यातले नव्हते. डोळे घट्ट मिटून, मान जरा वाकडी करून ते बसले होते, माळावर लांबचं काही ऐकताना बसायचे तसे. त्यांचा सुरकुतलेला हात सरळ वर. नवऱ्याचं हसू विरलं. तो त्या हाताकडं बघत राहिला, आणि हात काही खाली येईना.

शेवटी सासऱ्यांनी हात खाली घेतला आणि डोळे उघडले. "थांबली व्हय?"

"आबा," नवरा म्हणाला, "तुम्हाला ऐकू येत व्हतं?"

"न यायला काय झालं? चांगली बारीक वाजत व्हती की. कोकराच्या घुंगरावानी."

नवरा उठला आणि ॲम्प्लिफायरपाशी गेला, पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, आता हा बटण बंद करणार आणि पुन्हा कधी चालू करणार नाही. मला वाटलं, मी काय करून बसले! तो वळला तेव्हा डोळे भरलेले होते. पण तो माझ्याशी बोलला नाही, वडिलांशीही नाही. तो सरांपुढं येऊन बसला.

"सर, म्हंजे तुमचा कन्व्हर्टर चांगला हाय?"

"चांगला आहे."

"आन् माझा ॲम्प्लिफायर?"

"तोही चांगला आहे. तो एक कपॅसिटर सोडला तर."

"मंग दोन्ही चांगलं हाय की!" तो म्हणाला आणि खरंच हसायला लागला, डोळ्यांतून पाणी गळत असताना. "जोडी जमती. येड्यावानी भांडत बसलो व्हतो. अगं, गन तापव, काढ तो कपॅसिटर!"

मी आत जाऊन आधी पोटभर रडले आणि मग सोल्डरिंगची गन आणली. चाचा तोंड वळवून नाक शिंकरत होते. एकदम म्हणाले, "अब बोलूं? बहोत खराब था. मेरे तो कान में दर्द होता था." आम्ही सगळे त्यांच्यावर तुटून पडलो.

डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. नवरा कानात बोळे घालून कामावर जाऊ लागला. सुरुवातीला तिथली पोरं हसली. तो त्यांना घड्याळ हातात देऊन म्हणायचा, गजर लावा आणि कानापाशी धरा. काहींचं हसू तिथंच थांबलं.

त्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. नामविस्तार म्हणा, नामांतर म्हणा, सर म्हणाले नाव लागलं. एवढी वर्षं, एवढी माणसं गेली, आणि ते शांतपणे तीळगूळ आणि पेढे घेऊन आमच्या दारात उभे होते. रात्रीच्या जागरणानं त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा उजळलेला. गल्लीत दारं लावलेली होती. माझ्या नवऱ्यानं आमचं दार सताड उघडं ठेवलं, दुपार असून दिवाही लावला. पुढं ह्या शहराचंही नाव बदललं, त्याचीही भांडणं झाली, पण त्या दुपारची सर कशालाच नाही.

"आज मोठ्यानं लावायचं," नवरा म्हणाला. पण एक अडचण होती. सरांनी कन्व्हर्टरमध्ये नवा भाग बसवला होता आणि ॲम्प्लिफायर त्याला जुळवून घ्यायचा होता. नवऱ्यानं बटणावर हात ठेवला आणि मला समोर बसवलं.

"तू हात वर कर. वरचं जवर नीट वाजतंय तवर खाली आनायचा नाय. टोचायला लागलं तर मूठ मिट."

डिस्क फिरू लागली. एक बाई गात होती आणि मागं कुठंतरी कोणाच्या तरी पायात घुंगरं होती. मी हात वर केला. एकदा मूठ मिटली, त्यानं बटण केसभर मागं घेतलं, मी मूठ उघडली. सर आणि चाचा डोळे मिटून बसले होते. नवऱ्याचे डोळे मात्र उघडे होते, आणि स्पीकरकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. तो माझ्या हाताकडं बघत होता. घुंगरं बारीक होत गेली तसा त्याचा चेहरा खुलत गेला. माझा खांदा भरून आला होता, पण ती अजून वाजत होती, म्हणून मी हात खाली घेतला नाही.